कौलारू वाढीव खोलीचा माळा: गोव्याच्या उन्हापावसात इन्सुलेशन कसं करावं

जुन्या घराला लागून एक-दोन खोल्या वाढवायच्या, वर कौलारू छप्पर घ्यायचं, खाली सिलिंग मारून मधे माळा ठेवायचा. पेडण्यापासून काणकोणापर्यंत हीच रीत दिसते. खोली दिसते छान, पण मार्च लागला की दुपारी तिथे बसवत नाही. शेजारचं जुनं माजघर मात्र तसल्याच कौलांखाली गार असतं. फरक आहे तो उंचीचा आणि हवेचा. जुन्या घराचं आढं उंच, भिंती जाड चिऱ्याच्या, आणि कौलांच्या सांध्यांतून गरम हवा आपसूक निघून जाते. वाढीव खोलीचं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, वळचणीला जेमतेम आठ फुटांवर येतं आणि सिलिंगने उरलीसुरली हवाही कोंडलेली असते.

मग माणूस मोबाइलवर शोधायला बसतो आणि विलायतेतले व्हिडिओ बघतो. ब्रिटनमध्ये माळ्याच्या जमिनीवर २७० मिमी जाडीची लोकर अंथरायची शिफारस असते, कारण घरातली ऊब वर पळू द्यायची नसते. आपलं दुखणं नेमकं उलटं. ऊन वरून येतं, दमटपणा बाहेरून येतो, आणि वर्षाकाठी तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून इथे कामाचा क्रम ठरलेला: आधी पाणी, मग वारा, शेवटी ऊन. हा क्रम सोडून थेट इन्सुलेशनचा माल आणून चिकटवला, तर दोन पावसांनी ओला माल आणि कुजका वासा दोन्ही बदलायची पाळी येते.

काम कधी काढायचं

नोव्हेंबर ते एप्रिल. ऑक्टोबरात घाई करू नये, लाकूड अजून ओलंच असतं. मे महिन्यावर भरवसा ठेवू नये. २०२५ साली तर मे संपायच्या आत मॉन्सून गोव्यात आला होता. मेस्तांना, म्हणजे सुतार-कारागिरांना, मेमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो, कारण सगळ्यांनाच त्याच महिन्यात कौलं परतून हवी असतात. डिसेंबरात बोलावलंत तर माणूस मन लावून काम करतो.

आधी माळ्यावर चढून बघा

एखाद्या कडक दुपारी, दोनच्या सुमाराला चढा. फार वेळ थांबू नका, माळ्यावर चक्कर यायला वेळ लागत नाही. मास्क लावूनच जा. वटवाघळांची आणि उंदरांची लेंडकं वाळून धूळ झालेली असतात. पाय तुळयांवरच द्या, सिलिंगवर नाही. आडवी फळी टाकून घेतली तर उत्तम.

टॉर्च बंद करा आणि डोळे सरावले की वर बघा. कौलांतून उजेडाचे बारीक ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे गळती नव्हे, कौल एकमेकांवर चढलेलं असतं तिथून तिरपा उजेड येतोच. बघायचे ते वाशांवरचे काळपट ओघळ, रिपांवरची (कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांवरची) पांढरी बुरशी, भिंतीच्या डोक्यावरची ओल. खडूने खुणा करून ठेवा, खाली उतरल्यावर काही आठवत नाही.

मग स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक वाशाची दोन्ही टोकं टोचून बघा. सागवान, फणस, किंदळ असेल तर टोक सहसा टिकलेलं असतं. माडाचे जुने वासे मात्र बाहेरून ठणठणीत आणि आतून भुसा असू शकतात. चिऱ्याच्या भिंतीवरून मातीची बारीक नळी वर गेलेली दिसली तर ती वाळवी. तिचा बंदोबस्त आधी, कारण एकदा वर बोर्ड बसले की ती काय करते ते कोणाला दिसणार नाही. लोखंडी बॉक्स पाइपचे वासे असतील तर वेल्डिंगचे सांधे बघा. समुद्रालगतच्या गावांत खारी हवा तिथूनच सुरुवात करते. घासून झिंक प्रायमर आणि रंग आत्ताच मारा.

तापमान मोजायची इन्फ्रारेड गन मिळाली तर फार उपयोग होतो. कौलाची आतली बाजू, सिलिंगची खालची बाजू आणि खोलीतली हवा, अशा तीन नोंदी ठेवा. काम झाल्यावर त्याच वेळी पुन्हा मोजायच्या. एक सावधगिरी: चकचकीत फॉइलवर ही गन खोटं बोलते, फॉइलचा नव्हे तर त्यात पडलेल्या समोरच्या वस्तूंच्या प्रतिबिंबाचा आकडा दाखवते. फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा आणि टेपवर नेम धरायचा.

पाणी: जोड आधी, कौलं नंतर

वाढीव खोलीत गळती बहुतेक वेळा कौलांतून नसतेच. ती जुन्या आणि नव्या घराच्या जोडावर असते. नवं पाखं जुन्या भिंतीला जिथे टेकतं तिथे गवंडी सिमेंटची गोलाई मारून मोकळा होतो. भिंत चिऱ्याची, छप्पर लाकडाचं. दोघांची उन्हातली हालचाल वेगळी. पहिल्याच उन्हाळ्यात तिथे केसाएवढी भेग पडते आणि वेस्टरचा, म्हणजे पश्चिमेचा, वारा पाऊस घेऊन आडवा आला की पाणी थेट भेगेतून आत जातं. वर चिरा पाणी पितो तो वेगळाच.

इथे पत्र्याचं फ्लॅशिंग हवं (कौलं उतरवून पाखं उंच करणार असाल तर ते काम झाल्यावर). ॲल्युमिनियमचा किंवा जस्त चढवलेला पत्रा, भिंतीवर किमान १५० मिमी चढलेला, खाली कौलांवर दुसऱ्या खाचेपर्यंत आलेला. भिंतीत कटरने २५ मिमी खोल खाच मारायची, पत्र्याची वरची कड त्यात वळवून बसवायची आणि खाच पॉलियुरेथेन सीलंटने भरायची. सिमेंटने भरली तर पुन्हा तीच भेग. खाचेच्या वरचा हातभर चिरा गिलावा करून किंवा पाणी झिरपू न देणारा सिलेन-सिलोक्सेनचा थर मारून बंद करा. दोन पाखी मिळतात तिथली पन्हळ असेल तर तिच्यातला पालापाचोळा काढा, गंज बघा, आणि दोन्हीकडची कौलं पन्हळीच्या आत किमान चार बोटं आलेली आहेत ना ते तपासा.

आढ्यावरच्या कौलांचा चुना-सिमेंट निघाला असेल तर तोही याच वेळी काढून नवा घाला. पाख्याचा उतार तीस अंशांच्या आसपास हवा. काही वाढीव खोल्यांत जुन्या खिडकीच्या खाली छप्पर बसवायचं म्हणून उतार वीसवर आणलेला असतो. तसल्या पाख्यावर मंगळुरी कौल पाऊस अडवू शकत नाही. तिथे कौलांखाली पत्रा घालण्याला पर्याय नाही.

माळा वापरता का?

माळ्यावर काही ठेवत नसाल तर काम सोपं. सिलिंगच्या वर इन्सुलेशन अंथरा, सांधे टेपने बंद करा, आणि वरचा माळा वाऱ्यासाठी मोकळा सोडा. जाळ्या किती लागतात त्याचा ठोकताळा: सिलिंगच्या क्षेत्रफळाचा दीडशेवा भाग. वीस चौरस मीटरची खोली असेल तर साधारण १,३३० चौरस सेंटिमीटर मोकळी वाट, निम्मी वळचणीला आणि निम्मी वर, त्रिकोणी भिंतीत. जाळीच्या तारा जागा खातात, म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्तच धरा.

पण गोव्यात माळा रिकामा असतो कुठे? पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या सामानाचे, डबे, नारळ, चवथीची भांडी, कधी काळची पाळण्याची दोरी, सगळं तिथेच जातं. त्यामुळे बहुतेकांना इन्सुलेशन उतारावर, वाशांच्या पातळीला घ्यावं लागतं. पुढची सगळी रीत त्यासाठी आहे.

माल कोणता घ्यायचा

तापलेलं कौल खोलीला उष्णता देतं ती मुख्यतः किरणांनी, खाली हात धरला की तळव्याला जाणवते तशी. म्हणून पहिला माल चकचकीत ॲल्युमिनियम फॉइलचा. साध्या पृष्ठभागाच्या तुलनेत स्वच्छ फॉइल किरणांच्या देवाणघेवाणीतला विसावा हिस्सासुद्धा जेमतेम पुढे जाऊ देतं. अट एकच, आणि ती दुकानदार सांगत नाही: फॉइलच्या निदान एका बाजूला वीस-पंचवीस मिमी मोकळी हवा हवी. कौलाला किंवा बोर्डाला दोन्हीकडून चिकटलेलं फॉइल म्हणजे नुसता धातूचा पत्रा, उष्णता सरळ आरपार. वरच्या बाजूवर धूळ साचून चमक जाते, खालची बाजू वर्षानुवर्षं स्वच्छ राहते. म्हणून दोन्ही बाजूंनी चमक असलेलं घ्या आणि खालच्या बाजूलाही हवा ठेवा. बुडबुड्यांचं फॉइल चालतं, पण बुडबुड्यांच्या जाडीवर सांगितलेले चमत्कार मनावर घेऊ नका.

दुसरा माल जाडीचा. त्याचं गणित एका ओळीचं आहे: मीटरमधली जाडी भागिले उष्णतावाहकता, म्हणजे त्या थराचा रोध. एक्सपीएसचा (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन, घट्ट फोम) ४० मिमी बोर्ड घेतला तर ०.०४ भागिले ०.०३, म्हणजे १.३३. नुसत्या कौलाचा, दोन्हीकडच्या हवेच्या थरांसकट, रोध साधारण ०.२३ असतो. बेरीज १.५६, आणि एकाला १.५६ ने भागलं की ०.६४, म्हणजे छपरातून उष्णता किती आरपार जाते त्याचा आकडा, यू-व्हॅल्यू. तो जितका कमी तितकं बरं. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतासाठी ही कमाल मर्यादा १.२ आहे, उघड्या कौलांचा आकडा ४.३ च्या घरात जातो. पंचवीस मिमीचा बोर्ड घेतलात तरी ०.९४ वर याल, मर्यादेच्या आत. मी ४० सांगतो कारण वाशांमधून आणि सांध्यांतून थोडं निसटतंच.

रॉकवूलचा (दगडी लोकरीचा) रोध जवळपास तेवढाच, आग न लागण्यात ती सरस. पण भिजली की बसते आणि लवकर वाळत नाही. जोडाच्या गळतीबद्दल छातीठोक खात्री असेल तरच घ्या, आणि स्लॅबच्या रूपातली दाट घ्या, सैल गुंडाळी नको. थर्माकोल स्वस्त, पण मुंग्या घर करतात, उंदीर कुरतडतात आणि साधा थर्माकोल भुरकन पेटतो. घ्यायचाच तर आग रोखणाऱ्या प्रतीचा, आयएस ४६७१ चा शिक्का बघून.

कौलांच्या खालून फवारायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम कोणी सुचवला तर नम्रपणे नाही म्हणा. सुरुवातीला खोली गार होते हे खरं. पण मग एक फुटकं कौल बदलता येत नाही, रिपा फोमच्या आत गाडल्या जातात, आणि आत शिरलेलं पाणी लाकडाला धरून बसतं. कौलारू छप्पर हे उघडून दुरुस्त करायचं छप्पर आहे. त्याला कायमचं चिकटवून टाकणं हा त्याचा शेवटच.

बसवण्याची रीत

कौलं परतायला उतरवणारच असाल तर त्याच वेळी हे करा, मजुरी एकदाच पडते. एका वेळी दोन-तीन वाशांच्या रुंदीचा पट्टा उघडायचा, सगळं छप्पर नाही.

कौलं आणि रिपा काढल्या की वाशांवरून आडवं फॉइल अंथरा. सुरुवात वळचणीकडून. वरचा पट्टा खालच्यावर १५० मिमी चढवायचा, कौलांसारखाच. वाशांच्या मधे अंगठाभर झोळ राहू द्या, म्हणजे ठिबकणारं पाणी खिळ्यापासून दूर, मधून वाहतं. फॉइलचं खालचं टोक भिंतीच्या बाहेर, पन्हळीत किंवा वळचणीच्या फळीच्या पुढे पडलं पाहिजे. ही जागा उभं राहून करून घ्या. मेस्त टोक भिंतीच्या डोक्यावरच कापतो, वरून दिसायला ते नीटनेटकं असतं, आणि पावसात पाख्याचं सगळं ठिबक अलगद भिंतीत मुरतं.

फॉइलवर प्रत्येक वाशाच्या रेषेत २५ मिमी जाडीची उभी पट्टी ठोका, तिच्यावर आडव्या रिपा पूर्वीच्याच अंतरावर, म्हणजे कौलाला साजेशा साधारण ३२ सेंटिमीटरवर. अंदाजाने नको, चार कौलं लावून मोजा. या उभ्या पट्टीने दोन कामं होतात: कौलांखाली वाऱ्याची वाट तयार होते आणि चुकून आत आलेलं पाणी रिपेला न अडता खाली उतरतं. पाखं मात्र पट्टीच्या जाडीएवढं उंच होतं, तेव्हा भिंतीवरचं फ्लॅशिंग हे काम झाल्यावर बसवा, आधी नाही. खिळे आणि स्टेपल स्टेनलेसचे किंवा जस्त चढवलेले घ्या.

वळचणीला वाऱ्याची ही वाट सलग उघडी ठेवायची आणि तिथे १२ मिमी घराची जाड तारेची जाळी लावायची. प्लास्टिकची मच्छरजाळी उंदीर एका रात्रीत कापतो, आणि उदमांजर तर हातानेच फाडतं. वर आढ्याजवळ दोन-तीन हवेची कौलं बसवा. मंगळुरी कौलांच्याच साच्यात मिळतात. पाखं जुन्या भिंतीला टेकत असेल तर जोडापासून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत घाला, अगदी जोडावर नको.

आता खालून. वाशांच्या बाजूंना बारीक पट्ट्या अशा उंचीवर मारा की बोर्ड आणि फॉइल यांच्यात वीस मिमी मोकळं राहील. वाशांमधलं अंतर प्रत्येक घरात मोजा, वर-खाली-मधे तीन ठिकाणी. हाताने तासलेले वासे कधीच समांतर नसतात. बोर्ड पाच मिमी कमी कापा, आत सरकवा, बाजूची फट फोमच्या नळीने भरा, वाळल्यावर छाटा आणि वर फॉइलची टेप. टेप लावण्याआधी लाकडावरची धूळ ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, नाहीतर पहिल्याच दमट रात्री सुटते. बोर्डाखाली दर दोन फुटांवर आडवी पट्टी, म्हणजे तो कधी खाली येणार नाही. उघडा फोम मात्र माळ्यावर तसाच ठेवू नका. त्याखाली सिमेंट फायबर बोर्ड मारा. आगीपासून आडोसा मिळतो आणि उंदरांचे दातही लागत नाहीत. साधा जिप्सम बोर्ड इथल्या जुलैत झोळतो.

कौलं आत्ता उतरवायची नसतील तर फॉइल चिकटवलेले बोर्ड चमक वर करून खालूनच बसवता येतात, रिपांखाली २५-४० मिमी वाट सोडून. गारवा जवळपास तेवढाच मिळतो. दुसऱ्या छपरासारखं पाणी मात्र ते अडवत नाहीत, वाशाच्या कडेने ठिबक आत येतंच.

वायरी, काचेचं कौल आणि माटोळी

फॉइल विजेचा वाहक आहे हे क्षणभरही विसरू नये. ऑस्ट्रेलियात २००९ साली सुरू झालेल्या सरकारी इन्सुलेशन योजनेत फॉइलला मारलेले धातूचे स्टेपल वायरीत घुसून कामगार दगावले. काम सुरू होण्याआधी मेन स्विच बंद, माळ्यावरच्या सगळ्या वायरी पाइपात, आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे ना ते तपासा. पीव्हीसी वायर एक्सपीएस किंवा थर्माकोलला थेट टेकू देऊ नये. दोघांची रासायनिक कुरबुर होते आणि वायरीचं आवरण कडक होतं. सिलिंगमधल्या दिव्यांचे ड्रायव्हर इन्सुलेशनखाली गाडू नका.

काचेचं कौल असेल तर ठरवावं लागतं. ते उजेड देतं तसं ऊनही देतं, आणि त्याच्याखाली इन्सुलेशनचं भोक राहतं. उत्तरेकडच्या पाख्यावर असेल तर चारी बाजूंनी बोर्डाची चौकोनी विहीर करून खाली पॉलिकार्बोनेटचा तुकडा बसवा. पश्चिमेकडे असेल तर काढून साधं कौल घाला.

खोलीत गणपती बसत असेल तर सिलिंग बंद व्हायच्या आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगतात त्या, चौकटीसाठी चार कड्या वाशांत आरपार बोल्टने बसवून खाली घ्या. सुपारीचे घोस, नारळ, निरफणस, मिळून वजन चांगलंच होतं. ते सिलिंगच्या चौकटीला टांगता येत नाही. बोल्टभोवतीची फट सीलंटने बंद करा.

एसी लावणार असाल तर

जुलैत बाहेर २८ अंश आणि नव्वद टक्के आर्द्रता असते तेव्हा हवेतलं पाणी २६ अंशांच्या पृष्ठभागावर सुटायला लागतं. एसीने सिलिंग २४ वर आणलं की त्याच्या वरच्या बाजूला घाम फुटतो, खाली पिवळे डाग येतात, आणि लोक कौल गळतंय म्हणून पुन्हा मेस्ताला बोलावतात. बाष्प अडवायचं ते बाहेरच्या, उष्ण बाजूला. म्हणजे टेप केलेले बोर्ड वरच्या बाजूला असले पाहिजेत. सिलिंगखाली प्लास्टिक मारण्याची विलायती रीत इथे ओल कोंडते. एसी असलेल्या खोलीच्या माळ्याची खिडकीही पावसाळ्यात बंद ठेवा. एसी नसेल तर उलट: ती खिडकी उघडी ठेवा, विशेषतः रात्री. इन्सुलेशन ऊन आत येऊ देत नाही, तसंच आत साठलेली ऊब सहज बाहेरही जाऊ देत नाही.

उतरत्या काँक्रीट स्लॅबवर कौलं असतील तर बोर्ड स्लॅबच्या वर, कौलांच्या खाली घ्या. खालून लावले तर स्लॅब दिवसभर तापून रात्री दोन्हीकडे सोडत बसतो. रंगीत पत्र्याच्या छपराला फॉइल आणि हवेची वाट अनिवार्य, शिवाय रॉकवूल घेतलीत तर पावसाचा आवाजही बसतो.

छप्पर उंच करून माळ्याची राहती खोली करायचा विचार असेल तर आधी पंचायतीत किंवा पालिकेत परवानगीची चौकशी करा. पणजीतल्या फोंतेन्यासारख्या संवर्धन क्षेत्रात बाहेरून दिसणाऱ्या कुठल्याही बदलाआधी करा.

पहिला पाऊस आणि त्यानंतर

माळ्यावर दोन फूट चौकोनी झडप ठेवलीच पाहिजे. पहिल्या जोरदार पावसात, वेस्टर चालू असतानाच, टॉर्च घेऊन चढा आणि खडूच्या जुन्या खुणा एकेक करून बघा. फॉइलच्या टोकाशी पन्हळीत पाणी पडतंय का हेही बाहेरून बघून घ्या. चवथीच्या साफसफाईला पुन्हा एकदा: लेंडकं, कुरतडलेली कड, वाळवीची नळी. दर मेमध्ये वळचणीच्या जाळीवरची जळमटं झाडा, नाहीतर वाट बुजते.

शिल्लक कौलं विकू नका. प्रत्येक कारखान्याचा साचा किंचित वेगळा असतो, दुसऱ्या छापाचं कौल खाचेत बसत नाही. माकडांनी चार फोडली की मग छाप शोधत भंगारवाल्यांकडे फिरावं लागतं. एका छापाची वीस-पंचवीस कौलं मागच्या पडवीत उभी रचून ठेवा.